मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज आणि झोप उडालेली आई

"मॅडम, मिसेस दिवसभर मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज बघत बसते, पोराला खाली खेळायलासुद्धा सोडत नाही, खोटं आहे म्हणून शंभरदा सांगितलं पण पटतच नाही, काय करू?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला सतत येतो, कधी मिसेसच्या जागी आई असते, कधी वहिनी. म्हणून एक केसच सांगते. ताईंना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

2022 चा सप्टेंबर आठवतोय ना? सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी गाडीतून ओढून काठ्यांनी मारलं होतं, का तर त्यांनी एका पोराला रस्ता विचारला आणि लोकांना वाटलं हीच ती टोळी. त्याच दिवसांत हे नवरा-बायको आले. नवरा पुण्यात कंपनीत, शनिवार-रविवार घरी, इकडे तालुक्याच्या गावी ताई, सासूबाई आणि दुसरीतला मुलगा. रोजचे रिक्षावाले काका ताईंनी बंद केले, मग स्वतः सोडायला जायच्या आणि शाळा सुटेपर्यंत गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून राहायच्या, पुढे पुढे तर शाळाच बुडायला लागली. पोरगं रात्री अंथरूण ओलं करायला लागलं आणि एक दिवस जेवताना त्याने विचारलं, "आई, किडनी काढताना भूल देतात का?" तेव्हा कुठे नवऱ्याला कळलं की प्रकरण हाताबाहेर चाललंय.

बसल्या बसल्या त्याने मोबाईल काढला. "बघा मॅडम, हिच्या प्रत्येक मेसेजवर मी फॅक्ट चेकची लिंक पाठवतो, एकही उघडत नाही." ताई खाली बघत म्हणाल्या, "आणि त्यातला एक जरी खरा निघाला तर? तुम्ही शनिवारी येणार."

सगळं दुखणं या वाक्यात आहे. त्यांना माहिती कमी पडत नव्हती हो, बी.एस्सी. झालेली बाई आहे. पाच दिवस घरात एकटीवर जबाबदारी, उद्या काही झालं तर "तुझं लक्ष कुठं होतं" हे तिलाच ऐकावं लागणार, आणि लिंका पाठवणारा माणूस तीन तासांच्या अंतरावर. अशा वेळी "वेडी आहेस का, खोटं आहे ते" याचा बाईला ऐकू येणारा अर्थ एवढाच की मला तुझ्या भीतीशी घेणंदेणं नाही. नवऱ्याला पहिलं काम हेच दिलं की लिंका बंद, वाद बंद, रोज रात्री फोन करायचा आणि त्यात टोळीचा विषय काढायचा नाही.

ताईंना मी खोटं-खरं काहीच म्हणलं नाही. एक वही करायला सांगितली, मेसेज उघडायच्या आधी भीती दहापैकी किती आणि वाचून झाल्यावर पंधरा मिनिटांनी किती, बस. पुढच्या वेळी वही आली त्यात आधी चार नंतर सात, आधी पाच नंतर आठ, पान भरून तेच. त्या स्वतःच म्हणाल्या, "मी तर जीव शांत व्हावा म्हणून बघते." खरूज खाजवण्यातला प्रकार आहे हा, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग जास्तच आग होते. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच घाबरलेल्या लोकांचं हेच असतं, खात्री करून घ्यायची सवयच भीतीला खायला घालत असते.

मग एक क्लिप आम्ही दोघींनी बसून ऐकली. पुरुषाचा आवाज, मागे गाड्यांचे हॉर्न, "आपल्या तालुक्यात पाचशे जणांची टोळी उतरलीय, साधूच्या वेशात आहेत, सर्व ग्रुपवर टाका." मी फक्त विचारलं, बोलणारा कोण? कुठलं पोलीस स्टेशन? कुठल्या वर्षीचं? यातलं काहीच त्यात नव्हतं, म्हणून तर तीच क्लिप कुठल्याही तालुक्यात चालते. 2018 मध्ये असाच एक व्हिडिओ फिरला होता, गल्लीत मुलं खेळतायत आणि बाईकवरचे दोघं एकाला उचलून नेतात. मुळात तो कराचीतला, मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ, शेवटी ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि बोर्ड दाखवतात, तो शेवटच कोणीतरी कापून टाकलेला. हे ऐकून ताई बराच वेळ गप्प होत्या. खोटं आहे म्हणण्यापेक्षा कुठे कापलंय ते दाखवलं की माणसाला जास्त पटतं, हा माझा अनुभव.

तरी "खोटं असलं तर काय बिघडलं, सावध राहिलेलं बरं" हे शिल्लक होतंच. रैनपाड्याचं मी मुद्दाम उशिरा सांगितलं, आधीच घाबरलेल्या बाईला पहिल्याच दिवशी ते सांगण्यात अर्थ नव्हता. धुळे जिल्हा, साक्री तालुका, 1 जुलै 2018, रविवारचा बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला एवढं निमित्त झालं आणि जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पण मेसेज पुढे ढकलणारे काय सगळे दुष्ट होते का, त्यातले कितीतरी ताईंसारखेच असणार, "कुणाच्या तरी लेकराचा जीव वाचेल" म्हणणारे. ताई एवढंच म्हणाल्या, "मी चार ग्रुपवर टाकलंय." त्यावर मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही ग्रुपवर "मी टाकलेली क्लिप जुनी आहे, पुढे पाठवू नका" असं लिहिलं, ते मी सांगितलेलं नव्हतं.

आता काळजी तर राहणारच, आई आहे ती, आणि मुलं हरवतात हेही खोटं नाही. म्हणून काळजीला काम दिलं. मुलाला आईबाबांचे नंबर पाठ, घरातल्या तिघांनाच माहीत असलेला एक परवलीचा शब्द, तो सांगितल्याशिवाय कुणाहीबरोबर जायचं नाही, मग तो ओळखीचा का असेना. मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 आणि तातडीच्या मदतीचा 112 फ्रिजवर चिकटवले. ग्रुप म्यूट, मोबाईल दिवसातून दोनदा, बेडरूममध्ये नाही. काही आलंच तर ग्रुपवर न विचारता थेट पोलीस ठाण्यात फोन करायचा, एकदा त्यांनी केला तर ठाणे अंमलदार म्हणाले, "ताई, सकाळपासून असले फोन घेतोय, आपल्या हद्दीत अशी एकही तक्रार नाही." तो फोन माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडला, खोटं कशाला बोलू.

रिक्षा मात्र लगेच सुरू नाही झाली, आधी त्या काकांच्या शेजारी बसून गेल्या, मग स्कूटीवर मागून, मग फक्त कोपऱ्यापर्यंत. अंथरूण ओलं होणं त्या आधीच थांबलं होतं, कारण घरात त्याच्या कानावर किडनी-बिडनी पडणं बंद झालं.

सासूबाईंचं काही जमलं नाही, त्या अजून "सावधान!!" पाठवतात आणि ताई बघून न बघितल्यासारखं करतात. महिला मंडळाचा ग्रुप सोडा असंही मी सुचवून पाहिलं, पण भिशीचा हिशोब त्यावरच असतो म्हणे, तेव्हा म्यूटवरच भागवलंय. तुमच्या घरी असंच चाललं असेल तर वहीपासून सुरुवात करा, आणि झोप, जेवण, शाळा यातलं काही बिघडलं असेल तर वाट बघत बसू नका, जवळ समुपदेशक नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलता येतं.