आधी तिच्याजवळ बस

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचले. मध्य ऑस्ट्रेलियातल्या युएन्डुमू गावच्या शाळेत पहिले सत्र काढून तू आता विचारतेस की, मी इथे शिकवते आहे की मुलांना नुसती सोबत करते आहे. गावात एक मृत्यू झाला आणि वर्ग रिकामा पडला. मग सबंध शाळा आठवडाभर रानात मुक्कामाला गेली. परत आल्यावर एक मोठा मुलगा तुझ्या सहायक शिक्षिकेकडे पाठ करून बसला, म्हणून तू त्याच्या नावावर बेशिस्तीची नोंद केलीस. आणि मुली तुला पाहून खिदळतात, याचेही तुला वाईट वाटते आहे. या चारही गोष्टींचे उत्तर त्याच वर्गात तुझ्या शेजारी उभे होते. पत्रात ‘माझी असिस्टंट’ हा उल्लेख तीन ठिकाणी आहे, पण ती काय म्हणाली हे एकाही ठिकाणी नाही.

तुला तिथे नाकामारा हे नाव मिळाले, हे तू मोठ्या हौसेने लिहिले आहेस. ते हौसेसाठी दिलेले नाही. तिथल्या मूळनिवासी वार्लपिरी समाजात अशी आठ नावे आहेत. त्यांची पुरुषांची रूपे ‘ज’ने सुरू होतात, स्त्रियांची ‘न’ने, आणि आपले नाव कोणते यावरून गावातल्या प्रत्येकाशी आपले नाते ठरते. नापानांगकाची मुलगी नाकामारा असते. म्हणजे ज्या नापानांगकाला तू असिस्टंट म्हणतेस ती नात्याने तुझी आई लागते. नाकामाराने जापालजारीशी लग्न करायचे असते, आणि तो पाठ करून बसलेला मुलगा जापालजारी आहे हे तूच लिहिले आहेस. मुली का खिदळल्या ते आता तुझे तू समजून घे. नापानांगका त्याची सासू लागते, आणि सासू-जावयाने एकमेकांकडे बघायचे नाही, समोरासमोर बसायचे नाही, थेट बोलायचे नाही, हा तिथला आदराचा नियम आहे. उन्हाळ्यात त्याची पुरुष होण्याची दीक्षा झाली असेल, तर आता लहान मुलासारखे या नियमाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा त्याला उरलेली नाही. मुलगा शिस्तीने वागला आणि त्याची नोंद मात्र बेशिस्त म्हणून झाली. नवऱ्याचे नाव कधी ओठांवर न आणणाऱ्या आणि सासऱ्याची चाहूल लागताच पदर सावरणाऱ्या आज्यांच्या आपण नाती; आपल्याला तरी हे इतके अवघड जाऊ नये. मुख्याध्यापकांकडे जा आणि ती नोंद काढून घे.

मला तुला एवढेच सांगायचे आहे, आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा सांगणार आहे: वर्गात जाण्याआधी तिच्याजवळ बस. रोज बस. तास सुरू होण्याआधी चहाचा पेला घेऊन बाहेरच्या सावलीत बस आणि आज काय शिकवायचे, कोणाला कोणाशेजारी बसवायचे, कोण येणार नाही आणि का, हे तिच्याकडून ऐक. आपली आखणी कागदावर पूर्ण करून मग तिला दाखवणे म्हणजे बसणे नव्हे. ती मान डोलावेल, कारण मान डोलावून घेणारे बरेच कार्डिया, म्हणजे गोरे आणि बाहेरचे लोक, तिने पाहिले आहेत. तू दोन वर्षांच्या करारावर आली आहेस; ती त्या मुलांच्या आयांनाही शिकवून बसली आहे आणि तू गेल्यावर त्यांच्या मुलांनाही शिकवणार आहे. पगाराच्या कागदावर तू मोठी असशील. त्या कागदाबाहेर शाळेत तुझे स्थान दुसऱ्या खुर्चीचे आहे, आणि त्यात कमीपणा वाटत असेल तर करार संपण्याची वाट न पाहता परत ये.

हे तत्त्व माझ्या मनाने काढलेले नाही. वार्लपिरी विधींमध्ये एका बाजूला किर्डा असतात, म्हणजे वडिलांच्या बाजूने त्या भूमीचे आणि त्या जुकुर्पाचे, म्हणजे भूमी घडवणाऱ्या पूर्वजांच्या कथांचे आणि नियमांचे, धनी. दुसऱ्या बाजूला कुर्डुंगुर्लू असतात, म्हणजे आईच्या बाजूने जबाबदारी आलेले, विधी नीट होतो आहे ना हे पाहणारे आणि चुकले तर रोखणारे. एका बाजूवाचून दुसरीचे काम पुरे होत नाही. तिथे शिकवत असताना एका मुक्कामात मी हे जवळून पाहिले. तांबड्या मातीत वाळलेल्या वेलाच्या बुडाशी बारीकशी भेग दिसली की म्हाताऱ्या बाया पहारीने जमीन ठोकून आवाज ऐकत, आणि मग डब्याने नि हाताने माती उपसून यार्ला कंद वर काढत. कंद निखाऱ्यात गेल्यावर एक आजी वाळूवर बोटाने त्या जागेची गोष्ट रेखाटू लागली. समोर बसलेल्या बाईने मध्येच हात घालून एक रेघ पुसली आणि पाणी कुठे होते ते दुसरीकडे काढून दाखवले. आजी रागावली नाही, थांबली, आणि तिथूनच पुढे गेली. मुले ती गोष्ट जितकी पाहत होती तितकीच ती दुरुस्तीही पाहत होती. कोणाला सांगण्याचा अधिकार आहे आणि कोणाला दुरुस्त करण्याचा, हा त्या तासाचा अर्धा धडा होता, आणि तो कोणत्याही पुस्तकात नसतो. तू मात्र त्या आठवड्याला ‘बुडालेले दिवस’ म्हणतेस!

वार्लपिरी शिक्षकांनी हे सारे हवेवर सोडलेले नाही. युएन्डुमू, लाजामानू, न्यिर्पी आणि विलोरा या चार गावांचे शिक्षक आणि वडीलधारी माणसे एकत्र बसून भाषेचा आणि संस्कृतीचा अभ्यासक्रम ठरवतात. दर सत्राला एक विषय, असे तीन वर्षांचे चक्र असते. तनामीच्या सोन्याच्या खाणीतून मिळणाऱ्या स्वामित्वधनातला वाटा शिक्षणासाठी राखून ठेवावा, हे याच लोकांनी ठरवले आणि 2005 मध्ये त्यासाठी न्यास उभा राहिला; रानातल्या मुक्कामांना आणि शिकवायला येणाऱ्या आज्या-आजोबांच्या मानधनाला त्यातून पैसे मिळतात. त्यांनी स्वतःच्या पैशाने मांडलेल्या तासाला सहल म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? सध्या कोणता विषय चालू आहे हे तुला ठाऊक नसेल, तर नापानांगकाला विचार.

आता थोडे माझ्याविषयी, कारण माझ्यावर एक आरोप आहे आणि तो तुझ्याही कानावर आला असावा. युएन्डुमूच्या शाळेत 1974 पासून वार्लपिरी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवले जात होते. 1998 मध्ये सरकारने द्विभाषिक शिक्षण गुंडाळायची घोषणा केली, विरोध झाला, मग ते कसेबसे तगले. 2008 मध्ये राष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल आले आणि लगेच हुकूम निघाला की, शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच झाले पाहिजेत. मुले दमल्यावर, दुपारच्या रणरणत्या उन्हात, उरलेल्या वेळात त्यांची भाषा! तो नियम काही वर्षांनी सैल पडला, पण त्या काळात एका वरिष्ठांनी मला सांगितले की, सकाळची ती संयुक्त आखणी बंद करा आणि तो वेळ इंग्रजीला द्या. मी दिला नाही. माझे अहवाल उशिरा गेले, माझ्या नावापुढे शेरे आले, आणि मला मुलांचे इंग्रजी नको आहे अशी वदंता पसरली. हे धादांत खोटे आहे. आईबापांना इंग्रजी हवे असते आणि ते हवेच; दवाखान्यात, न्यायालयात, नोकरीत त्याच्यावाचून अडते. माझे म्हणणे इतकेच होते की, जे मूल घरी वार्लपिरी बोलते ते वाचायला वार्लपिरीतच आधी शिकते, आणि अक्षरांची ती एकदा पटलेली ओळख मग दुसऱ्या भाषेतही कामी येते. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलांपुढे मराठी पुस्तक उघडून बसवलेल्या वर्गात मी नोकरीची सुरुवात केली होती. मुलांचे ते निमूट चेहरे पाहिलेल्या बाईला हे पटवायला कोणत्याही अहवालाची गरज नव्हती. मी हट्टी होते आणि आजही माझे काही चुकले असे मला वाटत नाही. सल आहे ती वेगळी. एके काळी बॅचलर येथील मूळनिवासींच्या शिक्षणसंस्थेमार्फत माणसांना आपल्याच गावात राहून शिक्षकाची पदवी घेता येत असे. ती वाट अरुंद होत गेली तेव्हा मी वर्गापुरते भांडत राहिले, आणि माझ्या शेजारच्या बायका वर्षानुवर्षे ‘असिस्टंट’च राहिल्या.

त्या गावाला शाळेवर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही, हेही ध्यानात ठेव. युएन्डुमू 1946 मध्ये सरकारी शिधा वाटण्याचे ठाणे म्हणून वसवले गेले. त्याआधी 1928 च्या कोनिस्टन हत्याकांडात पोलिसांच्या तुकडीकडून याच मुलखातली माणसे मारली गेली होती, आणि सरकारने मुले हिरावून नेल्याच्या आठवणी तर घराघरांत आहेत. असे असूनही 1984 च्या सुमारास वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेची तीस दारे आपल्या जुकुर्पाच्या चित्रांनी रंगवली. कार्डियांच्या इमारतीत बसूनही मुलांना आपली भूमी दिसत राहावी म्हणून. पुढे मुलांनी त्यांवर आपली नावे खरवडली, आणि 1995 मध्ये ती दारे ॲडलेडच्या संग्रहालयाने घेतली. मला ती शाळेतच, खरवडलेली, उघडझाप होणारी अधिक आवडली असती.

मृत्यूनंतरच्या दिवसांबद्दल. कुटुंबे घर सोडून शोकाच्या तळावर जातात आणि मुलेही त्यांच्याबरोबर असतात. तिथे हजेरीसाठी फोन करू नकोस. गेलेल्या माणसाचे नाव उच्चारत नाहीत, आणि त्याच नावाच्या जिवंत माणसालाही मग कुमनजाई म्हणतात. म्हणून पहिल्या दिवशी हजेरीपट मोठ्याने वाचण्याआधी तो नापानांगकापुढे ठेव आणि कोणती नावे गाळायची ते तिला सांगू दे. भिंतीवरचे कोणते छायाचित्र काढायचे किंवा झाकायचे, तेही तीच सांगेल. तू स्वतःच्या समजुतीने काही काढू नकोस आणि काही ठेवूही नकोस. मुक्कामातही तसेच. कोण कोणत्या गाडीत बसेल हे ती ठरवील, त्यात वेळ जाईल, जाऊ दे. कॅमेरा विचारल्याशिवाय बाहेर काढू नकोस. एखादी गोष्ट अर्ध्यावर थांबली तर पुढे काय झाले असे विचारू नकोस, कारण पुढचा भाग तुझ्यासाठी नसेल.

करार वाढवू का, असे तू शेवटी विचारले आहेस. मी इतक्या दुरून काय सांगणार? मार्चमधल्या राष्ट्रीय चाचणीची तयारी कशी करायची तेही मी लिहून पाठवू शकते, पण पाठवणार नाही. आधी तुम्ही दोघी बसून कच्चा आराखडा करा, मग मी त्यावर बोलेन. पुढच्या पत्रात तुझ्या शंका थोड्या कमी असल्या तरी चालतील. नापानांगका काय म्हणाली ते सविस्तर लिही, आणि ती कशावर हसली तेही.

तुझी,
मावशी