क्लूडो दोघांत खेळता येतो का? नसेल तर खुनाच्या तपासाचा, फक्त नवरा-बायकोला खेळता येईल असा बोर्ड गेम कोणता?

येतो, पण खेळू नका. एकवीस पत्त्यांतले तीन (खुनी, हत्यार, खोली, हेच ओळखायचे) पाकिटात गेले की उरतात 18, दोघांत नऊ-नऊ. जे माझ्या हातात नाही ते एक तर तुमच्याकडे, नाही तर पाकिटात. झाला तपास. क्लूडोची गंमत तिसऱ्या माणसात आहे. त्याने तुम्हाला कुठला तरी पत्ता दाखवला, मला नुसती पाठ दिसली, आता तो कुठला असेल यावर मी डोकं खाजवत बसायचं. दोघांत एकही पत्ता कुणापासून लपत नाही, यादीवर टिकमार्क करत जायचं फक्त. ते मी दिवसभर ऑफिसात करते, पगार घेऊन.

तुम्हाला हवाय तो खेळ ‘मिस्टर जॅक’. ब्रुनो कॅथाला आणि लुडोविक मोब्लां यांनी रचलेला, 2006 सालचा, आणि फक्त दोघांचाच. एक खुनी, दुसरा पोलीस. इथेच थांबणार होते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘शक्यतो भांडण न होणारा सुचवा, बायको हरलेली चालत नाही.’ ते वाचून राहवलं नाही. मीही हरलेली चालत नसलेलीच आहे, असं आमच्या घरी गेली अकरा-बारा वर्षं सांगितलं जातं, आणि ते खोटं आहे. मला हरलेलं चालतं. मला काय चालत नाही ते पुढे येईलच.

खेळ थोडक्यात सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. लंडनचा व्हाइटचॅपल भाग, साल 1888, रात्र. नकाशावर षटकोनी घरं, गॅसचे दिवे, गटारांची झाकणं आणि आठ माणसं. होम्स, वॉटसन, लेस्ट्रेड, दिवे लावणारा स्मिथ, सार्जंट गुडली, सर विल्यम गल, जेरेमी बर्ट आणि मिस स्टेल्दी. यांतला एक जॅक, म्हणजे खुनी, आहे. कोण, ते खुन्याच्या खेळाडूने सुरुवातीला ओढलेल्या पत्त्यावर असतं आणि त्यालाच माहीत असतं. आठही माणसं दोघांनी हलवायची. दर फेरीला चार पत्ते उघडे पडतात: विषम फेरीत पोलीस एक घेतो, जॅक दोन, उरलेला पोलीस, सम फेरीत याच्या उलट. दोन फेऱ्यांत मिळून आठही माणसं एकेकदा हलतात, म्हणजे सातव्या फेरीत जो हलला त्याचा पत्ता आठव्यात येत नाही. हे लक्षात ठेवा, मला ते फार चांगलं लक्षात होतं.

फेरी संपली की पोलिसाने विचारायचं: जॅक दिसतोय का? पेटलेल्या दिव्याशेजारी, दुसऱ्या माणसाशेजारी किंवा वॉटसनच्या कंदिलाच्या झोतात असलेला माणूस दिसतो, बाकीचे अंधारात. जॅकने खरं उत्तर द्यायचं. ‘दिसत नाही’ म्हणाला की उजेडातल्या सगळ्यांच्या चकत्या उलटवायच्या, ते निर्दोष. पोलिसाने म्हणून निम्मे उजेडात, निम्मे अंधारात ठेवायचे. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. जॅकने सगळ्यांना एकाच बाजूला ढकलत राहायचं. पहिल्या चार फेऱ्यांत दरवेळी एक दिवा विझतो, त्यामुळे त्याचं काम सोपं होत जातं. मागच्या फेरीअखेर तो अंधारात असेल तर उघड्या नाक्यातून पळूही शकतो. पळाला किंवा आठ फेऱ्या तगला की जिंकला. पोलिसाने कुणाला तरी चालवत नेऊन संशयितावर उभं केलं आणि तो जॅक निघाला, तर पोलीस जिंकला. चुकीचा धरला तर हरला.

सगळा डोलारा त्या एका खऱ्या उत्तरावर उभा आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बुद्धिबळात समोरच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही, इथे दर फेरीला ठेवावा लागतो.

तर 2013 ची भाऊबीज. सांगलीचं घर. दादा तेव्हा कंपनीच्या कामाने लंडनला होता, तिथून येताना त्याने हा खेळ आणला होता. चार दिवसांत आम्ही दहा-बारा डाव खेळलो असू. जॅक नेहमी दादाच. ‘खुन्याला डोकं लागतं, पोलिसाला नुसते पाय,’ हे त्याचं वाक्य, लहानपणी राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या खेळायचो तेव्हापासूनचं. तेव्हाही चोराची चिठ्ठी त्यालाच कशी यायची हे मला अजून कळलेलं नाही.

ओवाळून झालं, जेवणं झाली, शेवटचा डाव म्हणून बसलो. पाचव्या फेरीपर्यंत पाच संशयित उरले होते: गुडली, लेस्ट्रेड, मिस स्टेल्दी, स्मिथ, बर्ट. फेरीतला शेवटचा पत्ता माझा, वॉटसन. मी त्याला दोन घरं सरकवलं आणि त्याचा कंदील मुद्दाम, नीट विचार करून गुडलीकडे वळवला. स्मिथ दिव्याशेजारी होता, बर्ट स्मिथला चिकटून. म्हणजे तीन उजेडात, दोन अंधारात. विचारलं, ‘दिसतोय?’ दादा लाडू खात होता. नकाशाकडे बघितलं न बघितलं आणि म्हणाला, ‘नाही दिसत.’ मी गुडली, स्मिथ, बर्ट तिघांच्या चकत्या उलटवल्या. दादाच्या समोर, त्याच्या ताटापासून वीतभर अंतरावर.

सहावी फेरी तशीच गेली. सातवीत होम्स मला मिळाला. होम्स हलला की एक पत्ता गुपचूप बघायला मिळतो, त्यावरचा माणूस हमखास निर्दोष. निघाली मिस स्टेल्दी. उरला लेस्ट्रेड. वॉटसनच्या तीन घरांत तो येत नव्हता म्हणून त्याच फेरीत धरता आला नाही, पण घाई नव्हती. लेस्ट्रेडचा पत्ता सातव्यात पडून गेलेला, म्हणजे आठव्यात तो स्वतःच्या पायाने हलणार नव्हता. आठव्यासाठी राहिले गल, गुडली, बर्ट आणि स्मिथ. बर्ट लेस्ट्रेडपासून दोन घरांवर. भीती दोघांचीच: गलला दुसऱ्याशी जागा बदलता येते आणि गुडलीला शिट्टी वाजवून माणसं आपल्याकडे ओढता येतात. सम फेरी, पहिला पत्ता दादाचा. त्याने गुडली उचलला. आता शिट्टी वाजवणार, तीन घरांत लेस्ट्रेडला कितीसा ओढणार, मी बर्टने गाठतेच, असं म्हणून मी चकली उचलली.

दादाने शिट्टी वाजवली नाही. गुडलीला धरून एक, दोन, तीन, नाक्यातून नकाशाबाहेर ठेवला.

मी म्हटलं, ‘दादा, निर्दोष माणसाला बाहेर जाता येत नाही.’

त्याने पत्ता उलटा केला. गुडली.

मी रडले वगैरे नाही, वहिनी काहीही सांगते. मी एवढंच म्हटलं की पाचव्या फेरीत गुडली कंदिलाच्या झोतात होता. दादा म्हणाला, मधे इमारतीचा कोपरा येत होता, माझ्या मते तो अंधारात होता, मी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटलं. ठीक आहे. षटकोनी घरांवर तिरकी रेघ बघताना चूक होते, माझीही झाली आहे. पण मग मी गुडलीची चकती उलटवली तेव्हा? तुझ्या मते तो अंधारात होता, तर मी त्याला निर्दोष ठरवतेय हे तुला दिसलं नाही? तीन फेऱ्या ती चकती तिथे पालथी पडलेली होती आणि जॅक कोण हे जगात फक्त तुला माहीत होतं.

त्यावर माझा सख्खा भाऊ म्हणाला, ‘पोलिसाची चूक सुधारणं हे खुन्याचं काम नाही.’

सगळे हसले, आईसुद्धा. वाक्य चांगलंच आहे, मलाही नंतर हसू आलं. पण मी सहकारी बँकांचं ऑडिट करते. व्हाउचरवर आकडा चुकला तर मी शेरा मारते आणि विसरते. चुकलेला आकडा माहीत असून तीन महिने कुणी बोललं नाही, तर तो शेरा वेगळा असतो, आणि तिथे ‘हे माझं काम नव्हतं’ असंच सगळे म्हणतात. चकती उलटवणं ही पोलिसाची चाल नव्हे. तो साक्षीचा कागद आहे, दोघांच्या सहीचा. पत्ता लपवणं हा खेळ, साक्ष चुकीची नोंदली गेलेली बघत लाडू खाणं हा खेळ नव्हे. दादाला हे 2013 पासून पटलेलं नाही. निघताना खेळाचा डबा माझ्याकडेच ठेवून गेला, म्हणाला ही ओवाळणी समज.

तेव्हा तुम्हाला सल्ला: प्रश्न विचारण्याआधी दोघांनी मिळून आठही नावं मोठ्याने घ्यायची. होम्स उजेडात, वॉटसन अंधारात, असं. मतभेद झालाच तर तेव्हाच पट्टी लावून मिटवायचा, आणि मगच ‘दिसतोय का’ विचारायचं. वीस सेकंद लागतात. पहिले काही डाव बायकोला पोलीस करा. नवख्या जॅकला आपण काय लपवतोय हेच कळत नाही, तो स्वतःच्याच माणसाला सारखा अंधारात नेतो आणि उघडा पडतो. जॅकने स्वतःच्या माणसाला शक्यतो शेवटपर्यंत हात लावू नये. (दादाने त्या डावात तेच केलं होतं. खेळला चांगला, हे मान्य.)

आमच्या आईला यातली एक गोष्ट कधी आवडली नाही, तीही सांगते. तिने मला विचारलं होतं, यात मेलंय कोण? व्हाइटचॅपलला 1888 च्या त्या शरद ऋतूत खरोखरच पाच बायकांचे खून झाले: मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरिन एडोज, मेरी जेन केली. ‘जॅक द रिपर’ म्हणतात तो खुनी सापडला नाही. सर विल्यम गल मात्र खरा माणूस, राणी व्हिक्टोरियाचा डॉक्टर. 1887 मध्ये त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, तरी त्याचं नाव नंतर यात ओढलं गेलं ते गेलंच. त्याला नकाशावर चकती आहे, त्या पाचजणींना नाही. आईचं म्हणणं मला तेव्हा किरकिर वाटलं होतं. आता वाटत नाही, पण खेळणं काही सोडलेलं नाही.

भांडण खरंच नको असेल तर ‘मिस्टर जॅक पॉकेट’ घ्या, 2010 चा. तीन बाय तीनच्या नऊ चौकोनांचं व्हाइटचॅपल, बाहेरच्या कडेने होम्स, वॉटसन आणि कुत्रा फिरतात, आणि त्यांच्या सरळ रेषेत भिंत आडवी आली नाही की माणूस दिसतो. तिरक्या रेघा नाहीत, कोपरे नाहीत. पाव तासात संपतो. पळून जाणं नाही, जॅकला सहा वाळूची घड्याळं जमवायची असतात. मला तो थोडा कोरडा वाटतो, पण संसारी माणसांना बरा.

वेळ विचारला होतात: मोठ्याला अर्धा तास, दोघंही विचार करणारे असाल तर पाऊण. इंग्रजी कच्चं असेल तरी चालेल, नकाशावर आणि पत्त्यांवर चित्रंच आहेत, नियम एकदा कुणाकडून तरी समजून घ्या.

एक राहिलं. पाचव्या फेरीत मी चकत्या उलटवल्या त्या नावं न घेता, भराभर, तिन्ही एका हाताने. दादा तेव्हा दुसरा लाडू घ्यायला वळला होता असं वहिनी म्हणते. असेल. पण मग सहावी आणि सातवी फेरी होतीच की.

दादा, तू हे वाचशील असं वाटत नाही, पण वाचलंस तर: गेल्या रविवारी मी नकाशा पुन्हा मांडला. वॉटसन आणि गुडली त्या जागी ठेवले आणि मधून शिवणाचा दोरा ताणून बघितला. कोपरा आड येत नाही. फोटो वहिनीला पाठवलाय.