वाचकांचे प्रश्न : पांढरं जहाज जवळ येतं तेव्हा

प्रश्न : आमची मासेमारी नौका आहे, यजमान स्वतः तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख. तटरक्षक दलाचं पांढरं जहाज दिसलं की आमचे खलाशी धास्तावतात, कारण कागद तपासतात. पण वादळात माणसं वाचवायलाही तेच येतं. मग ते नेमकं कशासाठी आहे? तोफ आहे, तर नौदलाचं का नाही?
– एक वाचक भगिनी, हर्णै

उत्तर : ताई, तटरक्षक दलातून मी प्रधान अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला बराच काळ गस्ती जहाजाच्या मागच्या डेकवर गेला, जिथून लहान बोट पाण्यात सोडतात आणि परत उचलतात. तिथे उभं राहून जे दिसलं तेच सांगतो.

नौदल युद्धासाठी आहे. पण किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत आपला आर्थिक हक्क. तिथली तस्करी, परकी मासेमारी, बुडती माणसं, तेलगळती यांसाठी वेगळं दल हवं म्हणून 1977 मध्ये तटरक्षक दल सुरू झालं आणि 1978 च्या कायद्यानं पक्कं झालं. सुरुवातीला नौदलानंच दिलेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका होत्या. आता 'विक्रम'सारखं जहाज 98 मीटर लांब असतं. 26 नॉटपर्यंत, म्हणजे ताशी 26 सागरी मैलांपर्यंत पळतं, पण बेतानं चालवलं तर 5000 सागरी मैल जातं. पुढे 30 मिलिमीटरची तोफ. ती मुख्यतः पळणाऱ्याला थांबवण्यासाठी. हेलिकॉप्टर, आग विझवणाऱ्या पाण्याच्या तोफा, तेल अडवायचं सामानही असतं.

माझ्या लेखी मोठं काम मात्र जहाजाच्या अंगाचं. उधाणात लहान बोट सोडायची तर कॅप्टन जहाज वाऱ्याला आडवं धरतो. वाऱ्याकडची बाजू लाटा झेलते, दुसऱ्या बाजूला पाणी थोडं निवतं. त्याला आम्ही 'ली देणं' म्हणतो. त्या निवलेल्या पट्ट्यात बोट उतरते आणि तिथेच माणसं वर घेतली जातात. जहाज आडवं असताना भयंकर डोलतं, पाय ठरत नाहीत. तरी ते तसंच धरून ठेवावं लागतं.

आता तपासणीचं. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये 'अलॉन्ड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं, ॲल्युमिनियमनं भरलेलं जहाज चाच्यांनी पळवलं आणि त्यावर 'मेगा रामा' नाव रंगवलं. अरबी समुद्रात त्याला आमच्या 'ताराबाई' या गस्ती जहाजानं गाठलं, मग नौदलाची युद्धनौका 'प्रहार' आली आणि चाचे पकडले गेले. रंगवलेल्या नावावर विसंबलो असतो तर ते निसटलं असतं. 2008 मध्ये मुंबईवर आलेले अतिरेकी तर 'कुबेर' या मासेमारी नौकेतून आले. त्या नौकेचा तांडेल मारला गेला. तो तुमच्या यजमानांसारखाच दर्यावर पोट भरणारा माणूस होता. म्हणून नौकेवर कोण आहे हे विचारतो तेव्हा ते तांडेलाच्याही जिवासाठी असतं.

एक रात्र मी विसरलेलो नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एक नौका उलटली होती. नोंदीत सहा खलाशी. आम्ही त्या सहा जणांना वर घेतलं, घोंगड्या दिल्या, परत फिरायच्या बेतात होतो. तेवढ्यात थरथरणारा एक पोरगा म्हणाला, "माझा काका?" काका ऐनवेळी चढला होता, नाव कुठेच नव्हतं. शोधदिवा पुन्हा लावला. वारा आणि प्रवाह कुठे नेतील त्याचा हिशेब करून जहाज वळवलं. दोन तासांनी तो सापडला, जाळ्याच्या बोयाला मिठी मारलेला.

तर यजमानांना एवढं सांगा : निघताना नौकेवर जितकी डोकी तितकी नावं लिहा आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा. ऐनवेळी कोणी चढला तर बंदरातूनच फोन करून कळवा. संकटाचा इशारा देणारं डॅट यंत्र असेल तर ते हाताशी ठेवा, खाली खणात नको. व्हीएचएफ रेडिओचं 16 नंबर चॅनल चालू ठेवा. नौका वेळेत परतली नाही तर वाट बघत बसू नका ताई, तटरक्षक दलाच्या 1554 वर फोन करा आणि आधी माणसांचा आकडा सांगा.