सर्व्हिसिंग कुणाकडे: शोरूम, नाक्यावरचं गॅरेज की घरचं अंगण?

दीड वर्षापूर्वी स्प्लेंडर प्लस घेतली, ११,००० किलोमीटर झाले. फुकटच्या सर्व्हिसिंग संपत आल्या. ओळखीचा मेकॅनिक निम्म्या पैशांत काम करून देतो म्हणतो. त्याच्याकडे टाकली तर वॉरंटी जाईल का?
– एक वाचक, बार्शी

हिरोची या गाडीवर ५ वर्षे किंवा ७०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी आहे. तिच्या अटींप्रमाणे ठरलेल्या सगळ्या सर्व्हिसिंग, फुकटच्याही आणि पैशाच्याही, अधिकृत केंद्रावर आणि वेळेत झालेल्या असाव्या लागतात. उद्या इंजिनचं मोठं काम निघालं, तर चुकलेल्या सर्व्हिसिंगचं पान सगळ्यात आधी तुमच्यापुढे धरलं जाईल. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये १४ कंपन्यांना ‘बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका’ असं बजावलं होतं खरं, पण तो आदेश चारचाकींचा होता आणि पुढे अपिलांत अडकला. त्याच्या भरवशावर राहू नका.

मात्र वॉरंटीत येत काय नाही, तेही बघा. ब्रेक शू, क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेट, केबल, फिल्टर, बल्ब, झिजणारं काहीच येत नाही. तेव्हा ठरलेली सर्व्हिसिंग शोरूमला करा आणि मधल्या काळात ब्रेक शू किंवा केबलचं काम निघालं तर खुशाल तुमच्या मेकॅनिककडे जा. इंजिन, वायरिंग आणि सेन्सर तेवढे त्याच्याकडून उघडून घेऊ नका.

शोरूमला जॉबकार्डवर तक्रार नेमकी लिहायला लावा. ‘पिकअप नाही’ यातून कुणालाच काही कळत नाही. ‘इंजिन गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये चढाला अडखळते’ असं लिहिलं तर मेकॅनिकला हात कुठे घालायचा ते समजतं. टेफ्लॉन कोटिंग, पॉलिश, इंजिन फ्लश हे मॅन्युअलच्या वेळापत्रकात नसतंच. गाडी टाकतानाच ‘नको’ म्हणून लिहून घ्या, नाहीतर बिलात दिसतं. बदललेले जुने भाग परत मागा. भंगारात जातील, पण बदलले होते हे तरी कळेल.

जुनी कार्बोरेटरवाली पल्सर १५० आहे, वॉरंटी केव्हाच संपली. शोरूम लांब पडतं. गावात तीन गॅरेज आहेत. चांगला मेकॅनिक ओळखायचा कसा?
– एक वाचक, चिपळूण

या गाडीला गॅरेजच बरं. कार्बोरेटर साफ करून पेट्रोल-हवेचं प्रमाण कानानं जुळवणारा हात आता शोरूमपेक्षा गॅरेजमध्येच जास्त सापडतो.

त्याच्याकडे अर्धा तास नुसतं उभं राहा. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपांवरची फट, सेट करताना तो इंजिन थंड होऊ देतो का आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) वापरतो का, हे पहिलं बघायचं. गरम इंजिनवर, बोटानं हलवून ‘झालं’ म्हणणारा टॅपेट हमखास आवळून ठेवतो. आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश होतं, पण झडप पूर्ण बसत नाही आणि काही महिन्यांत एक्झॉस्टची झडप जळते. टॅपेटचा बारीक टकटक आवाज एकवेळ परवडला.

दुसरं, चेन ताणताना तो काय करतो? चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मध्यावर वर-खाली साधारण २५ ते ३० मिलिमीटर खेळ हवा. चाक एकदा पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ असेल तिथे तो मोजायचा, आणि एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणायच्या. एकाच बाजूची खूण बघणाऱ्याकडे चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका अंगानं खाल्ले जातात. तिसरं, ऑइलचा डबा तुमच्यासमोर फोडला जातो का. या पल्सरला २०डब्ल्यू-५० (हा ऑइलच्या दाटपणाचा नंबर) लागतं. सुट्या पिंपातलं ऑइल कितीही स्वस्त असलं तरी नको.

कोकणातल्या दमट हवेचा एक मुद्दा मेकॅनिक स्वतःहून क्वचितच काढतो. तुमच्या पुढच्या डिस्क ब्रेकचं फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि घाट उतरताना लिव्हर मऊ पडतो. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलून घ्या. फ्लुइडच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच भरायचं.

स्प्लेंडरचं ऑइल घरी बदलायचं आहे. काय काय लागेल? कुठे चुकतं?
– एक वाचक, पुणे

घरी करायला सगळ्यात सोपं काम, आणि एकच बोल्ट चुकला तर सगळ्यात महागही. १७ नंबरचा रिंग पाना किंवा सॉकेट, पसरट पातेलं, नरसाळं, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर आणि १०डब्ल्यू-३० ऑइल घ्या. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं असलंच पाहिजे. मोटारसायकलचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी रसायनं त्याला घसरवतात. अॅक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवरच.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होऊन बारीक घाण घेऊन उतरतं. फार तापलं तर हात भाजतो. डिपस्टिक सैल करा, खालचा बोल्ट काढा, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या. काढलेल्या बोल्टाला चिकटलेला करडा चिखल चालतो, चमकणारे धातूचे कण दिसले तर गाडी मेकॅनिककडे न्या.

आता खरी जागा. बोल्ट पोलादी, इंजिनचं केसिंग अॅल्युमिनियमचं. पाना न लावता बोल्ट नव्या वॉशरसकट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. तीन-चार आट्यांनंतर अडला तर तो तिरका बसलाय; मागे घ्या, जोर करू नका. पूर्ण बसल्यावर साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे छोट्या पान्यानं मनगटाचा नेटका दाब. पान्याला पाइप लावून आवळणारे आणि पाय देऊन आवळणारे, दोघांचेही आटे जातात. मग आट्यांत हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवायला लेथवाला शोधावा लागतो.

आधी ८०० मिलिलिटर ओता, मग थोडं थोडं. या गाडीची डिपस्टिक मोजताना आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. फिरवून मोजलं तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, तेवढाच वेळ थांबा, पुन्हा बघा. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) एअर फिल्टरच्या डब्यात शिरतं.

यानं सर्व्हिसिंग झाली असं समजू नका. या इंजिनात कागदी फिल्टर नाही. उजव्या कव्हरच्या आत गाळ बाजूला फेकणारा फिरता फिल्टर आणि जाळी आहे. ते साफ करायला कव्हर, गॅस्केट आणि खास पाना लागतो, त्यामुळे ते गॅरेजचंच काम. एअर फिल्टरही तेलकट कागदाचा असेल तर हवेच्या प्रेशरनं उडवू नका, बदलायचाच असतो.

हेच ऑइल स्कूटरलाही चालेल का?
– एक वाचक, म्हापसा

अॅक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा, म्हणून तिला ‘एमबी’ दर्जाचं ऑइल सांगितलेलं असतं. शिवाय मागच्या चाकाच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं ऑइल असतं, शंभर मिलिलिटरच्या आसपास. ते बऱ्याचदा कुणाच्या लक्षातच नसतं. बेल्ट घरी उघडू नका, पुलीचा नट सोडवायला धरणारं हत्यार लागतं.

बीएस-६ गाडी धुतली आणि एबीएसचा दिवा लागला. शोरूमलाच जावं का?
– एक वाचक, नाशिक

चावी फिरवल्यावर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागणं आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझणं, हे बरोबरच आहे. चालवूनही राहिला तर आधी चाकाजवळचा सेन्सर आणि भोकांची चकती ओल्या फडक्यानं पुसा, चिखल बसला असेल. तरीही राहिला तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी न्या. वॉरंटी असेल तर शोरूमलाच. यापुढे प्रेशर पंपाचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि वायरिंगच्या जोडांवर मारू देऊ नका.

काढलेलं काळं ऑइल चेनला लावलं तर?
– एक वाचक, बार्शी

गावोगाव लावतात, पण त्यात धातूची भुकटी आणि काजळी असते, आणि ते रिमवर, टायरवर उडतं. चेन केरोसीननं पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं थेंब थेंब सोडा, साधारण दर ५०० किलोमीटरला, पावसाळ्यात त्याआधीच. काळं ऑइल गटारात ओतू नका. डब्यात भरून गॅरेजला द्या, तिथून ते भरून नेणारे येतात.