टीडीएस कापला म्हणतात ना, मग त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे 16ए, मागच

ऐरोलीच्या ज्या मुलीने लिहिलंय की भिवंडीच्या कॅटलॉग शूटचे बारा हजार ठरले होते आणि तीन महिन्यांनी खात्यात 7,800 आले, बाकीचे ‘कमिशन आणि टीडीएस’ (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर), अगं, माझ्याबरोबर अगदी हेच झालंय म्हणून लिहितेय. (मी सीए नाही, ठाण्यात राहून कामं केलेली मॉडेल आहे, आकडे सीएकडून तपासून घे.)

सुरुवातीला टेस्ट शूटचे पैसे मिळत नाहीत, फोटो मिळतात, ते ठीक. मग ई-कॉमर्स, दिवसाचा रेट, दिवसभर कपडे बदलत राहायचं, पण कामं सलग मिळतात. रॅम्पला नाव होतं, पण फिटिंग-रिहर्सलचे वेगळे पैसे मिळतीलच असं नाही. खरा पैसा ब्रँड कॅम्पेनमध्ये, तिथे शूटची फी वेगळी आणि फोटो कुठे, किती महिने वापरणार त्याचे वेगळे, मुदत संपली की परत मागायचे. तिथपर्यंत फार थोड्या जणी पोचतात.

आता कापाकापी. पंचवीस टक्के कमिशन (बारा हजारांतले 3,000) आधी ठरलं असेल तर विषय संपला. टीडीएसचं मात्र तसं नाही. एका पार्टीकडून वर्षाला 50 हजारांच्या आत प्रोफेशनल फी असेल तर तो कापावा लागत नाही (आधी ही मर्यादा 30 हजार होती), म्हणजे हे त्यांच्याकडचं पहिलंच काम असेल तर टीडीएसचे उरलेले 1,200 कशाला कापले ते विचार. मी जिच्याकडून कामं घ्यायचे त्या अंधेरीच्या एजन्सीचं नाव लिहीत नाही, पण व्हाउचरवर बॉलपेनने ‘लेस टीडीएस’ लिहायचे, खाली ना टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा नंबर) ना शिक्का, आणि माझं 26एएस (आपल्या पॅनवर किती कर जमा झाला त्याचा हिशेब) उघडलं तर कोरं. घाटकोपरला मेट्रो पकडून तिथे जायचं, की अकाउंट्सवाला म्हणणार क्वार्टर संपू दे, नंतर म्हणणार रिटर्न भरलं की दिसेल, आणि शेवटी फोनच घेणं बंद. ब्रँडने एजन्सीचा टीडीएस एजन्सीच्या पॅनवर भरलेला, आमचा कापलेला कुठेच भरलेला नाही. कष्टाचे पैसे गं ते, अजून राग येतो!

एप्रिल ते जूनचं 16ए साधारण 15 ऑगस्टपर्यंत मिळायला हवं (फॉर्मचे नंबर माझ्या वेळचे). ट्रेसेसवरून (आयकर खात्याची टीडीएसची साइट) काढलेलंच घे, वर्डमध्ये टाईप केलेलं नको. व्हाउचर, बँकेची एंट्री, व्हॉट्सॲप जपून ठेव, कापल्याचा पुरावा असेल तर तोच कर आयकर खातं तुझ्याकडून परत वसूल करू शकत नाही.

आणि माझ्या मते उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) करच, सरकारी साइटवर फुकट होते, पैसे मागणाऱ्या साइट्स सोडून दे. नोंदणी असेल तर लेखी करारातसुद्धा पैसे द्यायला 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही, पैसे थकवले तर सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. रेट ठरताना ‘सगळं कापून हातात किती’ हे मेसेजवर लिहून घे, आणि भिवंडीचं शूट रात्री नऊच्या पुढे गेलं तर परतीची कॅब त्यांच्याकडून, हेही त्याच मेसेजमध्ये.