खाडीचा गाळ : पाण्याच्या रिपोर्टवर जाऊ नका

खाडीतल्या जड धातूंबद्दल (पारा, शिसं, कॅडमियम वगैरे) पुन्हा पुन्हा तेच विचारलं जातंय, म्हणून ही उत्तरं एकत्र.

प्रश्न : आमच्याकडचा चिखल काळा आहे, वासही येतो. त्यात धातू असतील का?
उत्तर : रंग-वासावरून धातू कळत नाहीत. काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) नांदतात त्या चांगल्या खाजणातही तो असतो.

प्रश्न : मिठाच्या पाण्यात ठेवून किंवा ओझोनच्या यंत्राने माशातला पारा निघतो का?
उत्तर : नाही. मिथाइल पारा, म्हणजे माशात साठणारं पाऱ्याचं रूप, मांसातल्या प्रथिनांना धरून असतो, उकडूनही जात नाही. यंत्रवाल्यांना पैसे देऊ नका.

प्रश्न : मी गरोदर आहे. खाडीतली कालवं, तिसऱ्या खाऊ का?
उत्तर : कारखान्यांच्या खाडीतल्या नकोत. शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्याबरोबर गाळाचे कणही घेतात. मुशीही (शार्क) टाळा, तिच्यात पारा साठतो. पण ऐकीव भीतीने मासेच बंद करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय. आता गाळ उपसून शेताच्या बांधावर टाकायचं ठरतंय. चालेल ना?
उत्तर : थांबवा ते. धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत, बारीक चिकणमातीला चिकटून तळाशी बसतात. बाटलीभर पाणी तपासून तळाचं काय कळणार? ओहोटीला चिखलात नळी खुपसून काढा : वर जेमतेम काही मिलिमीटर तपकिरी साय, खाली लोण्यासारखा काळा थर. त्या थरात प्राणवायू नसतो, म्हणून तिथल्या सल्फाइडने शिसं, जस्त, कॅडमियम बांधून ठेवलेलं असतं. तोच गाळ उन्हावाऱ्यात पसरला की सल्फाइड मोडतं, आम्ल होतं आणि धातू सुटतात. शिवाय गाळातलं मीठ शेताला बाधतं ते वेगळंच. जपानच्या मिनामाता खाडीत कारखान्याने पारा सोडणं १९६८ला थांबलं, पण गाळाचं काम १९७७ ते १९९० चाललं. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळून ५८ हेक्टर भरावाखाली कोंडावा लागला. तिथे गाळ उघड्यावर टाकून दिला नाही. तुमच्याकडे वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने उपसण्याआधी तपासून घ्या, यंत्रं आल्यावर नव्हे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला आजच लेखी कळवा.

प्रश्न : गाळात क्रोमियम, तांबं जास्त निघालं. शेजारचा कारखानाच दोषी ना?
उत्तर : एवढ्यावरून सांगता येत नाही. आपला कातळ बेसाल्टचा, त्यात हे धातू मुळातच जास्त. त्याच जागेच्या खोल, जुन्या थराशी तुलना आणि ॲल्युमिनियमशी गुणोत्तर (ॲल्युमिनियम मुख्यतः मातीतूनच येतो, म्हणून त्याच्या मानाने धातू किती जादा ते कळतं) रिपोर्टात नसेल, तर प्रयोगशाळेकडून मागून घ्या आणि भूरसायनाच्या (खडक-मातीच्या रसायनशास्त्राच्या) जाणकाराला दाखवा.