जर्मनीत ‘पीडी’ व्हायचंय, इथली एमडी चालेल का?

प्रश्न : मॅडम, मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मायक्रोबायोलॉजीला असिस्टंट प्रोफेसर आहे, एमडी पण इथूनच झालं. नवऱ्याची बदली जर्मनीला झालीये आणि तिथल्या एका युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला रिसर्चची जागा मिळतेय. तिथले सर म्हणाले, काम चांगलं झालं तर पुढे हॅबिलिटेशन कर, ‘पीडी’ होशील. घरचे म्हणतायत म्हणजे प्रोफेसरच झाली की! हे नेमकं असतं काय? माझी एमडी त्याला पुरेल का? आणि उद्या परत आले तर इथे त्याचा काही उपयोग? (एक वाचक, दादर)

आधी मनापासून अभिनंदन. घरच्यांना मात्र एक सांगून ठेवा की पीडी ही नोकरी नाही. पीडी म्हणजे प्रिव्हाटडोत्सेंट, आणि हॅबिलिटेशन ही डॉक्टरेटच्याही पुढची पायरी आहे, ती पार केली की युनिव्हर्सिटीची फॅकल्टी, म्हणजे तिथली मेडिकल शाखा, तुम्हाला तुमच्या विषयात स्वतंत्रपणे, म्हणजे कुठल्या प्रोफेसरच्या हाताखाली न राहता, शिकवायचा अधिकार देते. पगार त्याच्याबरोबर येत नाही. उलट टायटल टिकवायचं तर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला साधारण एक-दोन तास विनामोबदला शिकवत राहावं लागतं, सोडून दिलंत तर टायटल काढूनही घेता येतं. घर चालायला लॅबची किंवा हॉस्पिटलची नोकरी वेगळी लागतेच.

मग लोक एवढी वर्षं त्यात का घालवतात? कारण मेडिसिनमध्ये प्रोफेसरच्या जागेसाठी आणि मोठ्या टीचिंग हॉस्पिटलात विभागप्रमुख व्हायला अजूनही हॅबिलिटेशन झालंय का हे बघतात. २००२ पासून ज्युनिअर प्रोफेसर असा दुसरा रस्ता निघालाय, पण मेडिकलवाल्यांमध्ये जुन्या रस्त्याचं वजन फारसं कमी झालेलं नाही.

आता तुमच्या एमडीचं बोलू, कारण आपली मुलं सगळ्यात जास्त इथेच अडकतात. आपल्याकडे एमडी झालं की सगळं एकत्रच झालं असं आपण धरतो, तिथे तीन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. डॉक्टरकी करायचं लायसन्स म्हणजे अप्रोबात्सिओन, ते राज्याचं सरकारी ऑफिस देतं. स्पेशालिस्ट म्हणजे फाखआर्ट्स्ट, तो दाखला त्या राज्याचं मेडिकल चेंबर, म्हणजे डॉक्टरांची अधिकृत संस्था, देतं. आणि डॉ. मेड. ही डॉक्टरेट, ती युनिव्हर्सिटी देते आणि तिला वेगळा प्रबंध लागतो. लायसन्स आहे, पेशंट बघतोय, पण नावामागे ‘डॉ.’ नाही असे डॉक्टर जर्मनीत भरपूर भेटतील. हॅबिलिटेशनला यातली डॉक्टरेट लागते, आणि आपली एमडी ही मुळात स्पेशालिस्टची पदवी, तीन वर्षांची रेसिडेन्सी आणि त्यातच केलेला थिसिस. ती डॉक्टरेटच्या बरोबरीची धरायची की नाही हे तिथली फॅकल्टी ठरवते. धरतीलच असं समजून अजिबात चालू नका. तिकीट काढायच्या आधी डीनच्या ऑफिसला पदवी, मार्कशीट आणि थिसिसची माहिती पाठवा आणि लेखी उत्तर मागा, सरांच्या तोंडी ‘होऊन जाईल’वर राहू नका, सर कितीही चांगले असले तरी. नाही म्हणाले तर त्याच लॅबमध्ये आधी डॉक्टरेटला नाव नोंदवता येतं का ते विचारा, तुमच्या हातात छापलेले रिसर्च पेपर असतील तर ते काम फार अवघड जाऊ नये.

लायसन्सचं पण बघा. नुसत्या लॅब रिसर्चला ते सहसा मागत नाहीत, पण पेशंटशी संबंध आला की लागतंच, आणि क्लिनिकल विषयात हॅबिलिटेशनला बऱ्याच फॅकल्टी फाखआर्ट्स्टही मागतात. लायसन्ससाठी मेडिकल जर्मनची परीक्षा असते आणि आपल्या पदवीला बहुतेक वेळा ज्ञानाची परीक्षाही द्यावी लागते. आणि मेडिकलच्या मुलांना शिकवायचं ते जर्मनमध्येच, तेव्हा भाषेचा क्लास आजच लावा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

बाकी काय लागतं? प्रत्येक फॅकल्टीची स्वतःची नियमावली असते, इंटरनेटवर मिळते, पहिल्या आठवड्यातच ती काढून वाचा. साधारण चित्र असं की दहाच्या आसपास किंवा जास्त चांगले पेपर लागतात, त्यातल्या बऱ्याच पेपरांत तुमचं नाव पहिलं किंवा शेवटचं हवं. त्या पेपरांना एका सूत्रात बांधून प्रबंध करायचा, तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे जातो, मग फॅकल्टीसमोर लेक्चर, त्यावर प्रश्नोत्तरं आणि शेवटी जाहीर व्याख्यान. आपल्याकडे एनएमसीच्या, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या, २०२२ च्या नियमांत पहिल्या तीन लेखकांत नाव असलं किंवा करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे पेपरबद्दलचा पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक, असलात तरी पेपर धरला जायचा, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर समाधान मानायची सवय आपल्याला लागलेली असते. तिथे दुसऱ्या नंबरच्या पेपराचं वजन बरंच कमी पडतं. म्हणून कुठला प्रोजेक्ट ‘तुमचा’ आणि पहिलं नाव कुणाचं हे सरांशी सुरुवातीलाच बोलून घ्या, नंतर बोलायला अवघड होतं.

आणि शिकवण्याचा रेकॉर्ड. ह्यावर मी जरा जास्त बोलणार, माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तिथे तुम्ही किती तास शिकवलंत, काय शिकवलंत, मुलांनी काय फीडबॅक दिला हे मांडावं लागतं, आणि माणसाला शिकवता येतं का हे फॅकल्टी समोर बसून ऐकते. आपल्याकडे असिस्टंट प्रोफेसरपासून असोसिएटला चार वर्षं आणि दोन पेपर, असोसिएटपासून प्रोफेसरला तीन वर्षं आणि एकूण चार पेपर असा हिशोब चालतो. त्यात शिकवण्याचे आणि रिसर्चचे कोर्स आले हे चांगलंच झालं, पण वर्गात बसून कुणी ऐकत नाही. मला हे मनापासून खटकतं. टीबीच्या जंतूचा स्टेनिंगचा प्रॅक्टिकल घ्या. स्लाइडवर कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतलाय, खालून ज्योत फिरवायची, वाफ दिसली पाहिजे पण उकळी येता कामा नये, आणि साधारण पाच मिनिटं ते तसंच धरून ठेवायचं. काही शिक्षक ही ओळ जर्नलमध्ये लिहून देतात आणि पुढे जातात. काही शिक्षिका मी अशा बघितल्यात की त्या प्रत्येक टेबलाशी थांबतात, मुलाच्या हातातला चिमटा थोडा वर घेतात, ‘बघ, आता वाफ आली, आता बाजूला कर’ म्हणतात, आणि तो मुलगा मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली निळ्यावर लाल काड्या पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याचा चेहरा बदलतो. या दोघांत आपल्या प्रमोशनच्या फॉर्ममध्ये काडीचा फरक पडत नाही, जर्मनीत निदान तो दाखवायला जागा आहे.

तेव्हा तुम्ही इथे आत्तापर्यंत जे शिकवलंय ते कागदावर आणा. तारीख, कुठली बॅच, विषय, किती वेळ, लेक्चर की प्रॅक्टिकल, आणि त्यावर एचओडीची सही-शिक्का. इथून निघून गेल्यावर हे मिळवायला फार पळापळ होते. ते किती धरायचं हे तिथली फॅकल्टी ठरवेल, पण कागद नसेल तर प्रश्नच संपला.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. जर्मनीत हा स्वतंत्रपणे शिकवायचा अधिकार मिळवणारी पहिली बाई डॉक्टरच होती, म्युनिकची आडेल हार्टमान, विषय अॅनाटॉमी, साल १९१९. प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, बायकांना ही दारं अधिकृतपणे उघडली ती १९२० मध्ये. तुम्ही त्या रांगेत उभ्या राहणार असाल तर मला आनंदच आहे.

परत आल्यावरचं म्हणाल तर पीडी ही पात्रता म्हणून आपल्या नियमांत येत नाही, इथे तुमची एमडी, पदावरची वर्षं आणि पेपर बघतात. पेपर वाया जाणार नाहीत, शिकवायची सवय तर नाहीच नाही. पण नवऱ्याची पोस्टिंग दोन-तीन वर्षांचीच असेल तर हॅबिलिटेशनच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे, चांगले पेपर करा आणि या. तिथेच राहायचं ठरत असेल तर मात्र नक्की करा.

प्रश्न : मी एमएस्सी मेडिकल मायक्रोबायोलॉजी करतोय, एमबीबीएस नाही. मेडिकल कॉलेजात शिकवता येईल का? सीनियर म्हणतात ते दार बंद झालंय. (एक विद्यार्थी, कल्याण)

मधल्या काळात खरंच बंद झालं होतं. अॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी-पीएचडीवाल्यांना जागा होती, तुमचा विषय आणि फार्माकॉलॉजी बाहेर राहिले होते. एनएमसीचे शिक्षकांच्या पात्रतेचे नवीन नियम जुलै २०२५ मध्ये आले त्यात हे दोन्ही विषय परत घेतलेत. पण एमएस्सीवर थांबून चालणार नाही, पीएचडी लागेलच, तेव्हा गाइड शोधायला लागा. गाइडला त्या विद्यापीठाची मान्यता आहे का, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, हे स्वतः तपासा. सीनियरवर रागावू नका, त्यांच्या वेळचा नियम तोच होता.

प्रश्न : मुंबईजवळच्या सरकारी हॉस्पिटलात मेडिसिनचा स्पेशालिस्ट आहे, एमडी होऊन नोकरीला चार वर्षं झाली. सीनियर रेसिडेन्सी केली नाही, शिकवायची फार इच्छा आहे. आता उशीर झाला का? (डॉक्टर, ठाणे)

उशीर बिलकुल नाही. एनएमसीच्या त्याच २०२५ च्या नियमांत तुमच्यासारख्यांची सोय आहे: २२० किंवा जास्त बेडच्या सरकारी हॉस्पिटलात पीजीनंतर निदान दोन वर्षं काम केलेला स्पेशालिस्ट सीनियर रेसिडेन्सीशिवाय, म्हणजे एमडीनंतर टीचिंग हॉस्पिटलात करायच्या नोकरीशिवाय, असिस्टंट प्रोफेसर होऊ शकतो, दहा वर्षं असतील तर असोसिएट प्रोफेसर. तेव्हा पहिलं काम, तुमच्या हॉस्पिटलचे मंजूर बेड किती हे ऑफिसमधून लेखी घ्या आणि अनुभवाच्या दाखल्यात तारखा नीट टाकून घ्या. दुसरं म्हणजे बायोमेडिकल रिसर्चचा बेसिक कोर्स, नेमणुकीपासून दोन वर्षांत करावा लागतो. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची चेन्नईची संस्था तो घेते, लेक्चर ऑनलाइन बघायची, असाइनमेंट द्यायच्या आणि शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा. तो बॅचने चालतो, नेमणुकीची वाट बघत बसू नका, येणाऱ्या बॅचलाच नाव घाला, ड्युटी सांभाळून सहज होतो.